पाणी पुसण्याचा नियम

चौकशी समितीच्या अहवालातील सातवा परिच्छेद असा आहे : “प्रयोगशाळेची मार्गदर्शक योजना परस्परविश्वास, प्रामाणिक अभिप्राय आणि चुकांमधून शिकण्याची तयारी या तीन तत्त्वांवर उभी असून प्रस्तुत प्रकरणात ती पूर्णतः यशस्वी ठरली आहे, कारण संबंधित प्रशिक्षणार्थीने आपली चूक स्वहस्ताक्षरात मान्य केली आहे : ‘पाणी पुसलेलं नव्हतं... चूक माझी आहे.’”

हा परिच्छेद तपासून पाहिला असता एवढेच हाती लागते, की हस्ताक्षर तिचे आहे. जिच्यासाठी योजना आखली तिचे शिकणेच बंद करण्यात आले, तरी योजना ‘पूर्णतः यशस्वी’ कशी, हे समितीने सांगितलेले नाही. ‘मान्य केली’ म्हणायचे तर आधी कोणीतरी विचारलेले असावे लागते. ही ओळ लिहिली गेली तेव्हा कोणी काही विचारले नव्हते, कोणावर आरोप नव्हता, आणि ज्या बाईंच्या आयुष्यातले नऊ दिवस पुढे नासले त्यांच्या हाती तपासणीचा निकालही पडला नव्हता. राहता राहिली ती तीन टिंबे. जुन्या हस्तलिखितांच्या प्रती एकमेकींशी ताडून पाहणे हा माझा पंचवीस वर्षांचा व्यवसाय आहे. त्यात मी इतके शिकलो, की नक्कल करणाऱ्याच्या हातून मजकूर गळतो तो तीनच कारणांनी : वाळवी, डुलकी आणि हेतू. अहवालाची शाई पुरती वाळलेली नव्हती, तेव्हा वाळवी नाही. त्याखाली पाच सह्या आहेत. पाचही जणांना नेमक्या एकाच ओळीवर डुलकी लागली, असे समितीच्या बाबतीतसुद्धा म्हणवत नाही.

अहवाल वहिनींनीच, म्हणजे त्या प्रशिक्षणार्थीनेच, मोठ्याने वाचून दाखवला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही तिघे बसलो होतो : वहिनी, माझा थोरला भाऊ आणि मी. दादा लिफ्टची देखभाल करतो आणि त्यामुळे अडकलेल्या माणसांशी शांतपणे बोलायची त्याला सवय आहे. त्या दिवशी ती सवय त्याच्या उपयोगी पडली नाही.

“पुन्हा वाच ते,” दादा म्हणाला.

“दोनदा वाचलं की. तिसऱ्यांदा वाचून गोड होणार आहे का?”

“यशस्वी ठरली म्हणतात आणि तुला काढतात? आमच्याकडे लिफ्ट अडकली तर अडकली असं लिहितात. यशस्वीपणे अडकली असं नाही लिहीत कोणी.”

“काढलं नाहीये. परत धुलाईत पाठवलंय.”

“म्हणजे तळमजल्यावर.”

“धुलाई तळमजल्यावरच आहे,” वहिनी म्हणाल्या. त्यांनी कागदाला होती तशीच घडी घातली, तो पाकिटात सरकवला आणि फडके घेऊन टेबल पुसायला लागल्या. टेबल स्वच्छ होते.

प्रमाणपत्राला अकरा दिवस राहिले होते.

धुलाई म्हणजे काय, हे सांगायला हवे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी, तुकडे, नमुने तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत रोज काचेची शेकडो भांडी खराब होतात. ती तळमजल्यावरच्या एका लांबट खोलीत येतात. तिथे तीन सिंक आहेत, एक उंच खिडकी आहे, आणि वहिनींनी तिथे नऊ वर्षे काढली. हातमोजे घालूनही बोटांना जो पांढरेपणा येतो तो त्यांच्या बोटांना आला. या नऊ वर्षांत वरच्या मजल्यावरच्या कोणाला त्यांचे नाव सांगता आले असते असे मला वाटत नाही. ‘धुलाईच्या बाई’ एवढ्यावर सगळ्यांचे भागत असे.

एके दिवशी वरच्या मजल्यावरून ताई खाली आल्या. ताई म्हणजे मुख्य तंत्रज्ञ. सगळी प्रयोगशाळा त्यांना ताई म्हणे. विभागप्रमुख डॉक्टर त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे, तेही ताईच म्हणत. तीस वर्षे त्यांनी मायक्रोटोमवर, म्हणजे नमुन्यांचे पापुद्रे काढायच्या यंत्रावर, काम केले होते. त्या भांडी घ्यायला आल्या होत्या आणि दारातच थांबल्या, कारण वहिनी धुतलेली प्रत्येक काच खिडकीकडे धरून पाहत होत्या.

“हे कोणी सांगितलं तुला करायला?”

“कोणी नाही. डाग राहिला तर वर तुम्हाला आजार दिसेल ना त्यात.”

ताईंनी त्यांतली एक काच घेऊन स्वतः खिडकीकडे धरली. मग म्हणाल्या, “किती शिकलीस?”

वहिनी हा प्रसंग इतक्यांदा सांगत, की दादा मधूनच पुढचे वाक्य म्हणून टाकी. पण तो चेष्टेचा विषय नव्हता. छत्तिसाव्या वर्षी त्यांना कोणीतरी पाहिले होते. त्यानंतर त्यांनी नोकरी सांभाळून पदविका पूर्ण केली, आणि अडतिसाव्या वर्षी त्या पहिल्या मजल्यावर प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झाल्या. मार्गदर्शक म्हणून ताईंनी स्वतःचेच नाव दिले.

ते काम मी एकदा पाहिले आहे. नमुना मेणात बसवून त्याचा छोटा ब्लॉक करतात. तो यंत्रावर चढवून, चाक फिरवून, पात्यावरून त्याचे असे पातळ पापुद्रे काढतात की फुंकर मारली तर नाहीसे व्हावेत. पापुद्रे एकमेकांना चिकटून फितीसारखे लांबत जातात. ती फीत कोमट पाण्याच्या पात्रावर अलगद सोडली, की तिच्या सुरकुत्या निघतात; मग खालून काच घालून ती उचलायची. एवढे झाले की डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहायचे आणि कोणाला घरी जा म्हणायचे, कोणाला बसा म्हणायचे, हे ठरवायचे.

या सगळ्यात एक नियम आहे, आणि तो दिसायला हास्यास्पद आहे. एक ब्लॉक संपला आणि दुसरा घ्यायचा, की मध्ये पाणी पुसायचे. पात्रातल्या पाण्याच्या पृष्ठभागावरून मऊ कागद ओढून घ्यायचा. कारण आधीच्या माणसाचा एखादा कण पाण्यावर तरंगत राहिलेला असतो, डोळ्याला दिसत नाही, आणि तो पुढच्या माणसाच्या काचेवर चढतो. मग एकाचे दुखणे दुसऱ्याच्या नावावर लागते. दिवसातून साठ-सत्तर वेळा ही माणसे पाणी पुसतात. वहिनींना घरीही ती सवय लागली. वाटीतल्या पाण्यावर कागद फिरवताना दादाने त्यांना पकडले होते.

“हिच्या हातची काकडी खाऊन बघ,” दादा मला म्हणे. “चकतीतून आरपार वर्तमानपत्र वाचता येतं. पोट भरायला चार काकड्या लागतात.”

“तुमचे अग्रलेख वाचायला चष्मा लागतो, काकडी नाही,” वहिनी म्हणत. त्या वर्षात त्या खूप हसत.

आता वहीकडे येतो. योजनेनुसार प्रत्येक प्रशिक्षणार्थीला एक ‘आत्मपरीक्षण वही’ दिली जाते. दर शनिवारी तिने त्या आठवड्यात आपले काय चुकले ते लिहायचे, आणि मार्गदर्शकाने सोमवारी खाली अभिप्राय द्यायचा. पहिल्या पानावर छापील मजकूर आहे : “या वहीतील लेखन केवळ शिकण्यासाठी आहे. ते कोणत्याही चौकशीत वा कार्यवाहीत वापरले जाणार नाही. निर्भयपणे लिहा.” खाली दोन सह्या, शिकणारीची आणि शिकवणारीची. समितीने आपल्या अहवालाला पुरावा म्हणून जी प्रत जोडली आहे, तीत हे पहिले पान नाही. सुरुवात दुसऱ्या पानापासून आहे. प्रती करणाऱ्यांच्या इतिहासात ही सोय जुनी आहे.

ताईंची अभिप्रायाची पद्धत त्यांची स्वतःची होती. त्या पेन्सिलीने लिहीत, आणि इतक्या दाबून की पुढच्या पानावर हात फिरवला तरी कळावे. वहिनींची शाई, ताईंची पेन्सिल. ती चूक सुधारली असे शिकणारीला स्वतःला वाटले, की तिने ताईंचा अभिप्राय खोडरबराने पुसून टाकायचा. “माझं लिहिणं उरलं म्हणजे तुझं शिकणं उरलं,” असे ताई म्हणत. वहिनींना हे फार आवडले होते. मलाही आवडले होते, हे इथे नोंदवून ठेवतो.

पहिल्या महिन्यांत एकही फीत सलग निघत नसे. पापुद्रे फाटत, गुंडाळत, पात्याला चिकटत. एका मंगळवारी बावीस ब्लॉक बिघडले आणि वहिनी जिन्यात बसून रडल्या. त्या शनिवारी त्यांनी लिहिले : “मी काच धुणारी आहे. हे माझं काम नाही.” सोमवारी खाली अभिप्राय आला : “हात घाबरतोय. तो काचेला कधी घाबरला नाही. मेणाला का घाबरतो? ब्लॉकवर एकदा उबदार श्वास सोड, मग काप.” वहिनींनी तसे केले. श्वासाने मेण किंचित मऊ होते आणि फीत निघते. यंत्राबरोबर आलेल्या पुस्तिकेत हे लिहिलेले नाही. चार महिन्यांनी त्यांनी तो अभिप्राय पुसला. पुसताना, त्या म्हणाल्या, अगदी जिवावर आले होते.

ताईंची सर्वोच्च शाबासकी ‘ठीक’ ही होती. वर्षभरात ती वहीत सहा वेळा आली. वहिनींना तारखा पाठ होत्या.

त्या गुरुवारी सकाळी पंधरा ब्लॉकचा ट्रे वहिनींच्या वाट्याला आला आणि नियमाप्रमाणे ट्रेच्या यादीवर त्यांनी सुरुवातीलाच सही केली. तेरा ब्लॉक झाले. चौदावा आणि पंधरावा स्तनातल्या गाठींचे होते. त्यात चरबी असते आणि चरबी पात्यापुढे नाटके करते. चौदावा तीनदा फाटला.

“सरक,” ताई मागून म्हणाल्या. “बघ.”

त्या बसल्या. त्यांनी ब्लॉक बर्फावर टेकवला, उचलला, श्वास सोडला आणि चाक फिरवले. फीत निघाली ती सरळ, अखंड.

“दिसलं? घाई कोण करतं? ब्लॉक करत नाही, पातं करत नाही. आपण करतो.” एव्हाना दोन-तीन जण भोवती जमले होते. “तीस वर्षांपूर्वी हे यंत्रसुद्धा नव्हतं असलं. हातानं पातं घासायचो आम्ही. दे तो पंधरावा. आता बसलेच आहे तर.”

कोणीतरी म्हणाले, “ताई, तुमचा हात म्हणजे यंत्रच.”

“यंत्राला सेवानिवृत्ती नसते रे,” ताई म्हणाल्या, सगळे हसले, आणि त्या हसण्यात पंधराव्या ब्लॉकची फीत पाण्यावर उतरली. चौदा आणि पंधराच्या मध्ये कागद फिरला नव्हता. वहिनी अर्ध्या हातावर उभ्या होत्या. कागदाचा गठ्ठा त्यांच्याच बाजूला होता.

शनिवारी त्यांनी वहीत जे लिहिले ते, तीन टिंबे काढून, असे : “गुरुवारी चौदाव्या आणि पंधराव्या ब्लॉकच्या मध्ये पाणी पुसलेलं नव्हतं. ताई करून दाखवत होत्या आणि मी बघत होते. मला दिसलं. मी बोलले नाही. चारचौघांत त्यांना पाणी पुसायला मी कसं सांगू, असं वाटलं. शिवाय त्या रागावल्या तर वहीत ‘ठीक’ येणार नाही, असंही वाटलं. धुलाईत होते तेव्हा मी कोणालाही बोलले असते. चूक माझी आहे.”

समितीच्या कात्रीने यातून काय वाचवले, हे वर दिलेच आहे.

मंगळवारी पंधराव्या काचेचा निकाल गेला. ती काच एका शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या बाईंची होती. निकालात कर्करोग होता. शस्त्रक्रियेची तारीख ठरली, बाईंनी वर्ग दुसऱ्या शिक्षिकेच्या हवाली केला, आणि असे म्हणतात, की त्यांनी आपल्या आईला सांगितले नाही. नऊ दिवसांनी, गुरुवारी, त्या आठवड्याच्या काचा कपाटात लावायला वहिनींकडे आल्या. त्यांनी पंधरावी काच सवयीने खिडकीकडे धरली. डॉक्टरांनी शाईने केलेले वर्तुळ मुख्य तुकड्यांवर नव्हतेच. ते काचेच्या कडेला, वेगळ्याच पडलेल्या एका ठिपक्याभोवती होते.

वहिनी ती काच घेऊन आधी ताईंकडे गेल्या. या ‘आधी’ला त्यांच्याखेरीज कोणी महत्त्व दिलेले नाही.

ताईंनी काच पाहिली. बराच वेळ पाहिली.

“ताई, तो गुरुवार.”

“कळलं मला.” मग काच परत देत त्या म्हणाल्या, “तूच जा डॉक्टरांकडे. तूच सांग. तुझ्या नावावर चांगलं दिसेल. प्रमाणपत्राच्या तोंडावर आहेस.”

वहिनींना त्या वेळी ती उदारता वाटली. जिन्यावरून डॉक्टरांच्या खोलीकडे जाताना आपण केवढ्या माणसाच्या हाताखाली शिकलो, असे मनात आल्याचे त्यांनी मला सांगितले आहे. त्यांनी डॉक्टरांना विनंती केली : पंधरावा ब्लॉक पुन्हा कापून पाहू द्या. कापला. त्यात कर्करोग नव्हता. तो ठिपका चौदाव्याचा होता. शस्त्रक्रिया चार दिवसांवर आली होती. ती रद्द झाली. चित्रकलेच्या बाईंचे शरीर वाचले ते एका प्रशिक्षणार्थीने वहीत प्रामाणिकपणे लिहिले होते आणि लिहिलेले विसरली नव्हती, म्हणून. योजना खरोखर यशस्वी ठरली असेल तर ती या एका ठिकाणी. अहवालात हे वाक्य नाही.

बाईंच्या घरच्यांनी तक्रार केली, आणि करायलाच हवी होती. समिती बसली. यादीवर सही वहिनींची होती. डॉक्टर अध्यक्ष होते. प्रयोगशाळेच्या मान्यतेची तपासणी पुढच्या महिन्यात होती आणि तपासनीसांना दाखवण्याच्या फलकावर ताईंचे छायाचित्र आधीच लागले होते : ‘आदर्श मार्गदर्शक’.

समितीपुढची प्रश्नोत्तरे परिशिष्टात जशीच्या तशी दिली आहेत. ती मी इथे थोडी उतरवतो.

“यादीवरची सही तुमची?”

“हो.”

“वहीत लिहिलेलं तुम्हीच लिहिलंय?”

“हो. पण वही...”

“हो की नाही, एवढंच.”

“हो.”

मग ताईंना बोलावले. वही समितीच्या टेबलावर होती, कारण ती ताईंनीच आणून दिली होती.

“ताई, यात ‘ताई करून दाखवत होत्या’ असं आहे.”

“दाखवत होते म्हणजे बाजूला उभी राहून सांगत होते. कापत तीच होती. यादीवर सही आहे ना तिची.”

“पाणी पुसण्याबद्दल तुम्ही तिला शिकवलं होतं?”

“पहिल्याच दिवशी. चांगली मुलगी आहे. नव्या माणसाच्या हातून होतं असं.”

अडतीस वर्षांच्या बाईला मुलगी म्हणण्यात केवढे काम उरकते, हे पाहण्यासारखे आहे. जे भोवती जमले होते, हसले होते, त्यांना कोणी बोलावले नाही. तेही कोणी आपण होऊन आले नाहीत. वहिनी ताईंकडे पाहत होत्या. ताई वहीकडे पाहत होत्या. परिशिष्टात हे अर्थातच नाही. हे वहिनींनी सांगितले, आणि सांगताना त्यांचा आवाज चढला नाही.

अहवाल आल्यानंतरच्या सोमवारी वहिनी तळमजल्यावर गेल्या. सिंक तीन होते तेच, खिडकी तीच. धुलाईत आता एक नवी बाई होती, तिने वहिनींना विचारले, “तुम्ही पहिल्यांदाच का या कामाला?” वहिनी हो म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी हे विनोद म्हणून सांगितले. दादा हसला नाही, उठून बाहेर गेला.

अपिलाची मुदत तीस दिवसांची होती. त्यातले सव्वीस गेले तेव्हा प्रयोगशाळेने टपालाने वही परत पाठवली. सोबतच्या पत्रात लिहिले होते, की सदर वही ही प्रशिक्षणार्थीची वैयक्तिक मालमत्ता असल्याने गोपनीयतेच्या धोरणानुसार परत करण्यात येत आहे. मी अनेक भाषांतला उपरोध वाचला आहे. आपण उपरोध करत आहोत याची गंधवार्ताही नसलेल्या माणसाच्या तोडीचा उपरोध मला अजून सापडलेला नाही.

मी त्या दुपारी अपिलाचा मसुदा घेऊन गेलो होतो. वहिनी सुटीवर होत्या, दादा कामावर. मी म्हटले, “वहिनी, यांनी ओळी गाळल्यात एवढं दाखवलं तरी पुष्कळ आहे.”

“त्यानं काय होईल? ताई म्हणाल्यात, बाजूला उभी होते. माझं एक म्हणणं, त्यांचं एक.” त्या शेंगा निवडत होत्या. “त्या आल्या होत्या परवा खाली.”

“कोण?”

“ताई. धुलाईत. भांडी घ्यायच्या निमित्तानं. म्हणाल्या, अपील वगैरे करू नकोस, माझं एकच वर्ष राहिलंय, मान्यता होऊन जाऊ दे, पुढच्या वर्षी मीच तुला परत वर घेते.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काही नाही. नळ चालू होता.” त्यांनी एक शेंग मोडली. “जाताना विचारलं त्यांनी, ते नीट पुसलं होतंस ना?”

“काय?”

“मी म्हटलं, हो. तर म्हणाल्या, ठीक.”

हा शब्द वहिनींनी जसा उच्चारला, तसा मला पुन्हा ऐकायचा नाही.

“वहिनी, काय पुसलंत?”

त्यांनी पुढची शेंग उचलली. वही टेबलावरच होती. मी ते पान काढले. वहिनींची शाईची नोंद पानाच्या वरच्या अर्ध्यात होती. खालचा अर्धा भाग कोरा, किंचित केसाळ, खोडरबराने घासलेल्या कागदासारखा. मी वही खिडकीशी नेली. पान आडवे, डोळ्यांच्या रेषेत धरले, की उतरते ऊन कागदावरून सरपटत जाते आणि प्रत्येक खाचेत सावली साचते. खोडलेली अक्षरे वाचायची ही आमच्या धंद्यातली साधी रीत आहे. आणि ताई दाबून लिहीत. मी पाच ओळी वाचल्या. एकही अक्षर अडले नाही.

“तुम्हाला ठाऊक होतं हे.”

“मीच पुसलंय. मला नाही तर कोणाला ठाऊक असणार?”

“मग समितीपुढे का नाही सांगितलंत? पान तिरकं धरा एवढं म्हणायचं होतं! वही तिथे टेबलावर होती!”

“ओरडू नका, भाऊजी.” त्यांनी शेंगांचे ताट बाजूला ठेवले. “पहिलं पान वाचलंत?”

“वाचलंय. त्यांनी ते पाळलं नाही.”

“म्हणून मीपण नाही पाळायचं? नऊ वर्षं काच धुतली मी. कशावर सही मागितली नाही कोणी माझी. त्या पानावर पहिल्यांदा घेतली. ताईंच्या शेजारी. ती मोडायची आणि वर म्हणायचं मी टेक्निशियन आहे, मला प्रमाणपत्र द्या? ते कसं जमायचं?”

“त्यांनी तुम्हाला फसवलं, वहिनी.”

“हो,” त्या म्हणाल्या. “शिकवलंही त्यांनीच. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू?”

नळाखाली हात धरून त्यांनी बोटे चोळली. ती पांढरी बोटे पुन्हा पांढरी व्हायला लागली होती.

“चार दिवस उरलेत,” मी म्हटले.

“माझ्या सहीनं हे पान जाणार नाही.”

“आणि माझ्या सहीनं गेलं तर?”

त्यांनी नळ बंद केला. एका भांड्यात पाणी भरलेले होते, त्याच्याकडे त्या पाहत राहिल्या, आणि मग जणू तो प्रश्न भांड्याने विचारला असावा तसे त्यालाच म्हणाल्या, “तुमची सही तुमच्याजवळ. मला विचारून करू नका, म्हणजे झालं.”

मी विचारले नाही. पहिल्या पानावर सह्या दोन आहेत, आणि त्यांत माझी नाही. गळालेला मजकूर त्याच्या जागी परत बसवणे एवढेच माझे काम. ते मी आजवर शेकडो वर्षांपूर्वी मेलेल्यांसाठी केले, आता जिवंत माणसासाठी करतो आहे. तपासनीसांना, समितीला आणि चित्रकलेच्या बाईंना या पानाची तिरक्या उजेडात घेतलेली छायाचित्रे मी काल पाठवली. तारीख सोमवारची आहे, निकालाच्या आदल्या दिवसाची. खाली ताईंची आद्याक्षरे आहेत. मधे एकही टिंब न घालता तो मजकूर असा :

“दोन्ही ब्लॉक मी कापले आणि मध्ये पाणी पुसलं नाही, हे खरं आहे. तू बघितलंस तेही मला दिसलं. त्या वेळी बोलली असतीस तर मला राग आला असता, तरी बोलायला हवं होतंस. पाणी स्वच्छ होतं, काळजी करू नकोस. वाचून झालं की पुसून टाक.”